खांबावरचा उजेड

आमच्या ग्रामसभेत अंधाराची तक्रार दर वेळी येते. अमक्या वाड्यावरचा दिवा गेलाय, तमक्या वळणावर खांब आहे पण दिवाच नाही, देवळाच्या तळीकडे उतरताना पायऱ्या दिसत नाहीत. सरपंच लिहून घेतात, पंच मान डोलावतात आणि पुढच्या सभेला पुन्हा तीच यादी. उजेड जास्त झाला अशी तक्रार मात्र गोव्यातल्या फोंड्याच्या या टापूत मी कधी ऐकली नव्हती. ती मीच केली तेव्हा सभेत हशा पिकला. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "टीचर, न्हीद येना जाल्यार पडदो लायात!"

पण प्रश्न माझ्या झोपेचा नव्हता. आमच्या घरामागे कुळागर आहे. पोफळी, त्यांच्यावर चढलेले मिरवेल, केळी, मधूनच एखादं जायफळ, आणि सगळ्यांच्या पायथ्याशी पाटाचं पाणी. कुळागराच्या कडेने रस्ता जातो. त्यावर पूर्वी नारिंगी उजेडाचा सोडियमचा दिवा होता. पथदिवे बदलण्याचा देशव्यापी कार्यक्रम २०१५ साली सुरू झाला आणि त्या लाटेत आमच्याकडेही पांढरे एलईडी आले. वीज कमी लागते, उजेड लख्ख पडतो, बिल हलकं होतं. हे सगळं खरं आहे, नाकारण्यात अर्थ नाही. फक्त खांबाचा लोखंडी हात पूर्वीसारखाच वर तोंड करून राहिला, त्यामुळे नव्या दिव्याचा बराचसा उजेड रस्ता सोडून पोफळींच्या शेंड्यांवर जातो. मध्यरात्री खिडकीशी गेलं तर झावळी न् झावळी वेगळी दिसते. दयाळ पहाटेची शीळ रात्री दोनलाच घालायला लागलाय.

मृगाचा पहिला दमदार पाऊस पडून गेला की त्या संध्याकाळी काय होतं हे गोव्यात कुणाला सांगायला नको. वारुळांतून पंखवाली वाळवी उठते आणि दिसेल त्या दिव्यावर तुटून पडते. आपण घरातले दिवे मालवतो, एखादा चालू ठेवून त्याखाली पाण्याचं ताट ठेवतो, आणि तासाभरात सगळं निवतं. रस्त्यावरच्या दिव्याला मालवणारं कुणी नाही. तो उजाडेपर्यंत जळतो आणि त्याखाली उजाडेपर्यंत बाजार भरतो. खाली भेक बसलेले, खांबावर पाली, पहाटे तारेवर कोतवाल हजर. वाळवी मेली याचं दुःख मी करत नाही, तिची संख्या अफाट असते. पण सकाळी झाडू घेऊन खांबाखाली गेलं की पंखांच्या ढिगात वाळवीखेरीज पुष्कळ काही सापडतं. गांधीलमाशीच्या नात्यातले बारीक परोपजीवी कीटक, भुंगेरे, नाकतोडे, आणि पतंग तर तऱ्हेतऱ्हेचे. त्यांतल्या कित्येकांना आपल्याकडे नावंसुद्धा नसतील.

पतंग दिव्याकडे का जातो याचं उत्तर आपल्याकडे कवींनी देऊन टाकलं होतं. तो ज्योतीवर भाळतो, जीव ओवाळून टाकतो वगैरे. २०२४ च्या जानेवारीत एक संशोधन प्रसिद्ध झालं. त्यात अतिवेगवान कॅमेऱ्यांनी दिव्याभोवतीच्या किड्यांचं उड्डाण टिपलं होतं, आणि त्यात प्रेमाचा मागमूस नव्हता. उडणारा कीटक आपली पाठ उजेडाकडे ठेवतो. कोट्यवधी वर्षं रात्रीसुद्धा जमिनीपेक्षा आकाशच उजळ होतं, तेव्हा पाठ उजेडाकडे म्हणजे पाठ वर, म्हणजे उड्डाण सरळ. आता शेजारी दिवा आला की बिचारा पाठ त्याच्याकडे वळवतो, कलंडतो, पुन्हा सावरतो, पुन्हा कलंडतो. आपल्याला वाटतं तो दिव्याला प्रदक्षिणा घालतोय. दिवा त्याच्या खाली असेल तर तो उताणा होतो आणि सरळ जमिनीवर आपटतो. उलट, उजेड वरून सगळीकडे सारखा पसरलेला असेल तर तो नीट उडून जातो.

हे वाचलं तेव्हा मला जमिनीत पुरून वर तोंड केलेले सगळे दिवे आठवले. हल्ली ते हॉटेलांच्या बागांत असतात, पुलांखाली असतात, देवळांच्या दीपस्तंभाच्या पायथ्याशी असतात. माडाचं खोड खालून उजळलं की फोटो झकास येतो. किड्याच्या दृष्टीने मात्र आकाश जमिनीखाली गेलेलं असतं.

शेतकऱ्याला यातलं निम्मं आधीच ठाऊक आहे. भातावर खोडकिडा आणि तुडतुडे आले की शेतात प्रकाश सापळा लावतात. दिवा, खाली पाण्याचं घमेलं, त्यात थोडं रॉकेल. संध्याकाळचे काही तास तो जळतो, मग मालवतात, कारण रात्रभर ठेवला तर किडींना खाणारे उपयोगी किडेही त्यात पडतात. म्हणजे दिवा हा सापळा आहे हे शेती खात्याच्या पुस्तिकेतही आहे आणि ओळखीच्या कुठल्याही गावकाराला पाठ आहे. खांबावर चढवला की तोच सापळा विकास होतो.

त्या खांबाशी गेल्या पावसाळ्यात एक ॲटलास पतंग बसला होता. आपल्याकडच्या सर्वांत मोठ्या पतंगांपैकी हा एक. पंख पसरले की माझी वीतही पुरत नाही. तांबूस-विटकरी रंग, चारही पंखांवर काचेच्या तुकड्यासारखी पारदर्शक त्रिकोणी खिडकी, आणि पुढच्या पंखांची टोकं अशी की बाजूने पाहिलं तर सापाचं डोकं वाटावं. मादी होती. मिशा बारीक होत्या. नराच्या पिसांसारख्या रुंद असतात, कारण मादीचा वास दुरून हुंगायचं काम त्यांचं. एका मागच्या पंखाची कड पार फाटलेली आणि खवले झडून ती जागा फिकी पडलेली. या पतंगाला खायला तोंडच नसतं म्हटलं तरी चालेल. सुरवंट असताना जे पोटात साठवलं त्यावर प्रौढपणाचा आठवडा-दीड आठवडा काढायचा. तेवढ्यात जोडीदार मिळायला हवा आणि दालचिनीसारख्या एखाद्या झाडाच्या पानावर अंडी घालून मोकळं व्हायला हवं. हिने अंडी घातली होती, मोहरीपेक्षा मोठी, तांबूस, चार-पाच एका ओळीत, खांबाच्या सिमेंटवर. दालचिनीचं झाड तिथून हाकेच्या अंतरावर आहे.

मी ती अंडी पोस्टकार्डाने खरवडून दालचिनीखाली नेऊन ठेवली. त्याने काही होत नाही हे मलाही कळतं.

पतंग म्हणजे काही शोभेची वस्तू नव्हे. अनंत, निशिगंध, रातराणी, चाफा यांचा वास तिन्हीसांजेनंतर का दाटतो? कारण तो आपल्यासाठी नाहीच. स्वित्झर्लंडमध्ये कुरणांवर मुद्दाम पथदिवे लावून पाहिले तेव्हा रात्री फुलांवर येणाऱ्या कीटकांच्या भेटी ६२ टक्क्यांनी घटल्या. हा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यातली मला जास्त लागलेली गोष्ट पुढची आहे. तिथल्या एका काटेरी झाडाला दिवसा मधमाश्या वगैरे नेहमीसारख्या येत होत्या, तरीही दिव्याखालच्या झाडांना फळधारणा १३ टक्के कमी झाली. रात्रपाळीचं नुकसान दिवसपाळीला भरून काढता आलं नाही. शिवाय पतंगांचे सुरवंट हेच किती पक्ष्यांच्या पिल्लांचं पहिलं अन्न. फुलपाखरांच्या मागे कॅमेरे घेऊन धावणारी मंडळी पतंगांना मात्र 'किडे' म्हणून झटकतात, याचा मला जरा रागच आहे.

काजव्यांबद्दल बोलायचं तर गावात लोक ऐकतात, कारण काजवे सगळ्यांच्या लहानपणी होते. सुर्ला-चोर्ल्याच्या घाटात, नेत्रावळीच्या रानात पावसाच्या तोंडावर अजूनही झाडंच्या झाडं लुकलुकतात. आमच्याकडे पाटाच्या काठाला, दिव्यापासून लांबच्या टोकाला तेवढे उरलेत. नर उडता उडता ठरावीक लयीत चमकतो, मादी गवतातून बारीकशी चमक देऊन उत्तर देते. भोवती पांढरा झोत असेल तर ते उत्तर दिसत नाही, आणि नाही दिसलं तर पुढची पिढी नाही. कुळागराच्या मालकाला हे सांगितलं तेव्हा ते "बरें, बरें" म्हणून सुपाऱ्या सोलत राहिले. मग म्हटलं, काजव्याची अळी गोगलगायी खाते. हातातला आडकित्ता थांबला. पावसाळ्यात गोगलगायी त्यांची रोपं फस्त करतात, मीठ टाकून टाकून ते कंटाळलेत. तेवढ्या एका वाक्यावर ते माझ्या बाजूने ग्रामसभेला आले. काव्यापेक्षा गोगलगाय कामाला आली.

पक्ष्यांचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आहे. दूरवर स्थलांतर करणारे पुष्कळ छोटे पक्षी रात्री उडतात. हवा थंड, वारा शांत, ससाणे झोपलेले. दिशेसाठी त्यांना इतर खुणांबरोबर ताऱ्यांचाही आधार असतो. (तारे तर शेणकिड्यालाही लागतात. शेणाचा गोळा सरळ रेषेत ढकलत न्यायला तो आकाशगंगेचा पट्टा वापरतो, असं २०१३ मध्ये सिद्ध झालं. आपण बहुतेकांनी ती आकाशगंगा शेवटची कधी पाहिली कोण जाणे.) ढग खाली आले, धुकं पडलं की पक्षी खाली उतरतात आणि मग उजेड त्यांना धरून ठेवतो. आसामातल्या जतिंगा गावाची गोष्ट आपण शाळेत 'पक्ष्यांची आत्महत्या' म्हणून वाचली. आत्महत्या वगैरे काही नाही. पावसाळ्याच्या अखेरीस, अमावास्येच्या धुकट रात्री, वारा सुटलेला असताना गोंधळलेले पक्षी गावातल्या दिव्यांकडे येत आणि लोक त्यांना बांबूने पाडत. आपण बांबू घेत नाही, इतकाच फरक.

न्यूयॉर्कमध्ये ११ सप्टेंबरच्या स्मरणार्थ आकाशात दोन प्रचंड झोत सोडतात. तिथे सात वर्षांतल्या सात रात्रींचा रडारने हिशेब घेतला. सुमारे ११ लाख पक्षी त्या झोतांच्या प्रभावात सापडले होते, घिरट्या घालत, सारखे ओरडत. झोत वीस मिनिटं बंद केले की ते बघता बघता पांगत. शिकागोत २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये एका काचेच्या संमेलनगृहाशी एकाच रात्रीत जवळजवळ हजार पक्षी मरून पडले. पुढच्या वर्षी त्या काचांवर बारीक ठिपक्यांची फिल्म लावली आणि मृत्यू नव्वद टक्क्यांहून जास्त घटले. आत उजेड, बाहेर काच, हा मामला आपल्याकडेही वाढतोय. हमरस्त्यांना लागून उभी राहणारी शोरूम्स पाहा. माणूस नसतो, मोटारी रात्रभर उजेडात उभ्या.

अशाच एका इमारतीच्या पायऱ्यांवर ऑक्टोबरातल्या सकाळी मला नवरंग दिसला होता. हिरवी पाठ, खांद्यावर निळा तुकडा, पोटाखाली लालभडक, आणि शेपूट म्हणजे नावाला. रानात तासन्‌तास बसूनही हा सहसा दिसत नाही, नुसती दोन सुरांची शीळ ऐकू येते. तो इथे फरशीवर डोळे अर्धे मिटून. वॉचमन बिहारचा होता. त्याने न सांगता पुठ्ठ्याचं खोकं आणलं, वर भोकं पाडली आणि पक्ष्यावर पालथं घातलं. बरोबर तेच करायचं असतं. अंधार आणि शांतता द्यायची, चोचीत पाणी घालायचं नाही. दुपारी खोकं उचललं तेव्हा नवरंग टुणकन उडी मारून बाहेरच्या झाडीत गेला. वॉचमन म्हणाला, "हर साल एक-दो आते हैं, मैडम." त्या पक्ष्याला दिव्याने ओढलं की काचेने फसवलं की तो नुसता थकला होता, हे मला सांगता येणार नाही. स्थलांतरात थकलेले नवरंग घरांतसुद्धा शिरलेले सापडतात. पण रात्री तिथले दिवे बंद असते तर त्याची एक अडचण तरी कमी झाली असती.

एवढं सगळं ऐकून घेऊन शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "तें सगळें खरें गो, पूण लायट आसल्यार सोरोप तरी दिसता." आणि खरंच, सापाच्या या मुद्द्याशी माझी सगळी पक्षीप्रीती अडते. वहिनींची मुलगी फार्मसी कॉलेजातून शेवटच्या बसने येते. रस्त्याच्या एका अंगाला गटार, दुसऱ्या अंगाला चिऱ्यांचा गडगा, आणि मण्यार रात्रीच बाहेर पडते. तिच्या आईला पतंगांची लोकसंख्या सांगणारी मी कोण?

पण वहिनी दिव्याबद्दल बोलत होत्या आणि मला रस्त्याबद्दल बोलायचं होतं. आम्ही दोघी जेवणानंतर खांबापाशी गेलो. "गटाराच्या कडेला काय दिसतं सांगा," मी म्हटलं. दिवा सरळ आमच्या डोळ्यांत येत होता. गटाराची कड काळीकुट्ट, गडग्याचा पायथा त्याहून काळा. मग त्यांना कपाळावर हात धरून दिवा झाकायला लावला. क्षणभर थांबल्यावर गटारातलं पाणी दिसलं, एक करवंटी दिसली, कुणीतरी फेकलेली फेणीची बाटली दिसली. वहिनी हात खाली-वर करत दोन-तीनदा बघत राहिल्या आणि मग खांबाकडे बघून एक चांगली कचकचीत शिवी घातली. ती इथे लिहीत नाही.

मला म्हणायचं आहे ते एवढंच. डोळ्यात जाणारा उजेड सापही लपवतो आणि नवरंगालाही भुलवतो. रस्त्यावर पडणारा उजेड दोघांचीही सोय बघतो. दिवा हवाच. त्याचं तोंड खाली हवं, वरून आणि कुळागराच्या बाजूने त्याला झाकण हवं, रंग पिवळा हवा आणि रस्त्यावर कुणी नसताना तो मंद व्हायला हवा. हे माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. प्रकाश-अभियंते आणि काळं आकाश राखू पाहणाऱ्या संस्थेने २०२० मध्ये मिळून जी तत्त्वं मांडली ती साधारण हीच. त्याच वर्षी फेब्रुवारीत गांधीनगरला स्थलांतर करणाऱ्या प्राण्यांविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराची परिषद झाली, तिथेही प्रकाश प्रदूषणावर ठराव झाला होता. म्हणजे यजमान आपणच होतो.

पिवळ्या रंगावर मात्र लोक अडतात. पांढऱ्या एलईडीच्या पोटात निळी चिप असते, वर पिवळसर लेप. त्या निळ्याकडे किड्यांचे डोळे जास्त ओढले जातात. अंबर किंवा नारिंगीकडे खूप कमी येतात, आणि लाल तर बहुतेकांना धड दिसतही नाही. दुकानात खोक्यावर ६५००के लिहिलेलं असतं तो निळसर पांढरा, २७०० किंवा त्याखाली गेलं की पिवळा. दोन्ही मिळतात. पण आपल्या मनात पिवळा म्हणजे जुना साठचा बल्ब, गरिबी, लोडशेडिंग. पांढरा म्हणजे प्रगती. गंमत अशी की किनाऱ्यावरच्या महागड्या रिसॉर्टात लोक हजारो रुपये मोजून मंद पिवळ्या उजेडात जेवतात आणि त्यालाच 'ॲम्बियन्स' म्हणतात.

आणि गोव्याला हे सगळं नवीन आहे असंही नाही. मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग हे किनारे २०११ च्या किनारी नियमन अधिसूचनेत कासवांच्या अंडी घालण्याच्या जागा म्हणून नावानिशी आहेत. वाळूतून निघालेलं ऑलिव्ह रिडलेचं पिल्लू सर्वांत उजळ क्षितिजाकडे धावतं. पूर्वी ते समुद्राकडचं असे, आता शॅकचं असतं. कासवासाठी दिवे मंद करा म्हटलं तर लोकांना पटतं, कारण पिल्लू दिसतं, त्याचा फोटो निघतो. चोडण्यातल्या सलीम अली अभयारण्याचं खारफुटीचं रान मात्र मांडवीपलीकडेच आहे आणि पणजीकडे मांडवीवरच्या अटल सेतूचे रंग, कॅसिनोंच्या जहाजांचे झगमगाट पाण्यावर रात्रभर नाचतात. तिथे रात्रीला बसलेल्या बगळ्यांबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

आमच्या खांबाचं काम शेवटी अगदी किरकोळ निघालं. लाईनमन दुसऱ्याच तक्रारीसाठी आला होता. वहिनींनी त्याला सोलकढी पाजली आणि खांब दाखवला. त्याने शिडी लावली, पाना घेऊन लोखंडी हाताचा नट सैल केला, दिवा आडवा केला, पुन्हा आवळला. कुळागराच्या बाजूला पत्र्याचा तुकडा बसवून दिला, तो कुळागराच्या मालकांनीच आणला होता. रंग अजून पांढराच आहे, दिवा जाईपर्यंत तो राहील. रस्ता पूर्वीपेक्षा स्वच्छ दिसतो असं वहिनी सगळ्यांना सांगतात, जणू कल्पना त्यांचीच.

खरी लढाई देवळात आहे. दीपस्तंभाला खालून रंग बदलणारे झोत लावायचा प्रस्ताव आहे. जांभळा-हिरवा दीपस्तंभ मला बघवत नाही, पण तो आक्षेप माझ्या डोळ्यांचा आहे, पक्ष्यांचा म्हणून मी तो पुढे करणार नाही. जत्रेला, दिवजोत्सवाला, त्रिपुरीला हवी तेवढी रोषणाई करा. देवाच्या पणत्या नेहमीच उजळल्या आणि तेल संपलं की विझल्या. माझं भांडण उरलेल्या रात्रींचं आहे. देवळाच्या तरुण महाजनांपैकी, म्हणजे सभासदांपैकी, एकाने सुचवलं की झोत वरून खाली सोडू आणि रात्रीच्या आरतीनंतर बंद करू. ठेकेदार म्हणतो, वेगळा स्विच घालायचा तर खर्च वाढेल. खजिनदार म्हणतात खर्च चालेल, पण तो स्विच रोज मालवणार कोण? भटजी म्हणाले, माझं काम आरतीपर्यंत. टायमर बसवा म्हटलं तर मागच्या वेळचा टायमर भर दुपारी दिवे लावायचा, हे सगळ्यांच्या लक्षात आहे. पुढची सभा श्रावणातल्या दुसऱ्या रविवारी आहे आणि विषयपत्रिकेवर पहिलाच विषय 'स्विचची जबाबदारी' असा टाकलाय.